मास्कच्या मऊ कडांबाबत व टाकी क्रमांक तीनच्या झाकणाबाबत

प्रति,
मा. सुरक्षा निरीक्षक,
औद्योगिक सुरक्षा कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : मास्कची कड द्रावकात फुगत असल्याने टाक्यांची आजची सफाई तात्काळ थांबवणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे दि. ४, ११ व १९ चे अर्ज. २) त्यांवरील आपली तीन उत्तरे.

महोदय,

१. अर्जदार ही रंगाच्या कारखान्यात चाचणी कक्षाची सहायक असून, भांडारात येणारे पाइप, वॉशर, हातमोजे ओढून, दाबून व बुडवून पाहणे हे तिचे चौदा वर्षांचे काम आहे. तिचे यजमान त्याच कारखान्यात टाकी सफाईच्या टोळीत आहेत. ही बाब अर्जदार लपवू इच्छीत नाही.

२. गेल्या महिन्यापर्यंत टोळीच्या मास्कना काळ्या पक्क्या रबराची कड होती. ती गालात रुतायची, माणसे कुरकुरायची. नवीन मास्कची कड थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमरची आहे. कारखान्यात त्याला नुसते 'मऊ माल' म्हणतात. टोळी खूश झाली. यजमान म्हणाले, "घातलाय की नाही तेच कळत नाही." अर्जदाराचे या मालाशी वैर नाही. ओढला की दुप्पट होतो, सोडला की जागेवर येतो, थंडीत ताठरत नाही. पक्के रबर एकदा भाजले की संपले. याचे उरलेसुरले तुकडे मात्र पुन्हा वितळवून नवी वस्तू करता येते. टूथब्रशच्या मुठीला, चपलेच्या तळाला असा दुसरा माल नाही. परंतु जो माल उष्णतेने इतका सहज सुटतो, तो आतून कायमचा बांधलेला नसतो. रंगाचे द्रावक त्यात शिरते. माल ते पीत राहतो आणि फुगतो.

३. अर्जदाराने कडेचा पंचवीस मिलिमीटरचा तुकडा टाकीतल्याच द्रावकात चार तास ठेवला. तो चौतीस झाला. अंगठ्याने दाबला तेव्हा ठसा उमटला. दुसऱ्या दिवशीही ठसा तिथेच होता. त्याच दिवशी पहिला अर्ज दिला.

४. दि. १२ रोजी टाकी क्रमांक दोनमध्ये टोळीतले सर्वांत जुने कामगार उतरले. अंगाने काडी असल्यामुळे सगळे त्यांना पैलवान म्हणतात. वर काढले तेव्हा मास्कची कड गालापासून सुटून ओठासारखी लोंबत होती. पैलवान हसत होते. "आत छान वाटत होतं. शेवटी शेवटी तर कशाचा वासच येईना," असे ते म्हणाले. वाफेने नाक बधिर होऊन वास येईनासा होणे म्हणजे काय, हे आपल्या कार्यालयास सांगणे अर्जदारास शोभत नाही. त्या दिवसानंतरचे त्यांच्या पत्नीचे म्हणणे जसेच्या तसे देत आहे : "खुर्चीत बसून सदऱ्याचं एकच बटण लावतात, काढतात, पुन्हा लावतात. जेवायला हाक मारली तर माझ्याकडे पाहुणी आल्यासारखं बघतात."

५. आपल्या पहिल्या उत्तरानुसार मास्क ही वैयक्तिक वापराची वस्तू असल्याने भांडाराकडे विचारणा करावी. दुसऱ्या उत्तरानुसार आपल्या कार्यालयाने सदर मास्क सात दिवस स्वच्छ पाण्यात ठेवला व तो उत्कृष्ट स्थितीत आढळला. याबद्दल अर्जदार आभारी आहे; तथापि टाकीत पाणी नसते. तिसऱ्या उत्तरानुसार, संबंधित कामगारास विचारले असता त्यास काही झाल्याचे आठवत नाही, सबब प्रकरण निकाली काढण्यात आले.

६. काल दुपारी अर्जदाराने भांडारातून सर्व बावीस मास्क चाचणीसाठी म्हणून सही करून घेतले आणि नमुना कापण्याच्या साच्याने बावीसही कडा कापल्या. नोंदवहीत 'नमुने चाचणीत नष्ट' असे लिहिले आहे. हे नियमाबाहेर आहे, त्याची शिक्षा मान्य आहे. मास्कच नाहीत म्हटल्यावर काम थांबेल, अशी अर्जदाराची समजूत होती.

७. आज सकाळी आठ वाजता मुकादमांनी टोळीला सांगितले, "मास्क नाहीत तर नाहीत. ओले रुमाल बांधा, दहा-दहा मिनिटं उतरा. आज टाक्या कोरड्या झाल्याच पाहिजेत." यजमानांनी खिशातून रुमाल काढला आणि नळाखाली धरला. अर्जदाराने तो इस्त्री करून दिला होता.

८. सबब, हा अर्ज अर्जदार टाकी क्रमांक तीनच्या झाकणावर बसून लिहीत आहे. अक्षर वेडेवाकडे आले आहे, क्षमस्व. झाकण उघडायचे तर अगोदर अर्जदारास उचलावे लागेल. मुकादम दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा "ताई" म्हणाले, दुसऱ्यांदा नोकरीचे बोलले. यजमानही आले. "ऊठ. लोक बघताहेत," एवढेच म्हणाले. अर्जदार उठली नाही. मग ते ओला रुमाल पिळून शेजारी बसले.

९. वरील मजकूर लिहीत असताना टाकी क्रमांक चारकडून बोल्ट सोडवल्याचा आवाज येऊ लागला. यजमान उठले आणि त्या झाकणावर जाऊन बसले. आवाज थांबला. या क्षणी तीन व चार ही दोन्ही झाकणे बंद आहेत.

१०. आता पाच क्रमांकाकडे पाना घेऊन माणसे निघाली आहेत. हा अर्ज अर्जदाराची नणंद घेऊन येत आहे. तिच्याशिवाय आमच्या घरात पाच क्रमांकावर बसायला आणखी माणूस नाही.

तरी आपण पोच देण्यात वेळ न घालवता, तिच्यासोबतच निघावे.

आपली विश्वासू,
सहायक, चाचणी कक्ष
(सध्या टाकी क्रमांक तीन)

दि. २३, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे

सोबत :
१) फुगलेला तुकडा, बंद पिशवीत. पिशवी खिडकी उघडी ठेवून उघडावी.
२) आपल्या तीन उत्तरांच्या प्रती.