बाळचे पस्तीस दिवस

फ्रीमाँट, ६ एप्रिल २०२६

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू असलास की माझी पाळी येत नाही, म्हणून लिहितो. तू कोल्हापूरला नोकरीसाठी गेल्यापासून तुझा इथला टॅक्स रिटर्न शरयू भरत असे. यंदा मी भरणार आहे. प्रीता अ‍ॅशबर्नहून सांगते की बाबा, सरळ एखाद्या टॅक्सवाल्या सीपीएला देऊन टाका. पण तुझ्या बहिणीने फाइलवर 'बाळ्या' लिहून ठेवलं आहे, ती परक्याला द्यावीशी वाटली नाही.

कॉलेजच्या पगाराचे कागद आणि पासपोर्टच्या शिक्क्यांच्या प्रती पाठव. तिचं वर्षश्राद्ध डिसेंबरात येतं. तू त्यासाठी तीन महिने येणार म्हणतोस, ते जमणार नाही. तुझ्यासारख्या अमेरिकन नागरिकाला परदेशातल्या पगारावर सवलत हवी असेल, तर बारा महिन्यांत ३३० दिवस देशाबाहेर काढावे लागतात. उरले पस्तीस. शरयू याबाबत किती कडक होती, ते तुला माहीत आहे.

दीपाला आशीर्वाद. लोभ आहे तो राहू दे.

मोहन

*

कोल्हापूर, २१ एप्रिल २०२६

ती. दाजींना बाळचा सा. नमस्कार.

कागद सोबत आहेत. अकरा वर्षं मी इथे शिकवतो. घर इथलं, स्कूटर इथली, बायको इथली, तरी अमेरिकेत किती दिवस आंघोळ केली याचा हिशेब तुमच्या सरकारला हवाच.

२०१८ साली मला १०२ ताप होता. पस्तिसावा दिवस म्हणून ताईने मला त्या तापात विमानतळावर नेलं. सोबत मेथीचे पराठे दिले, काउंटरपाशी उभी राहून रडली, पण तारीख बदलली नाही. आता तिच्या वर्षश्राद्धालाही मी घड्याळ लावून यायचं? कॉलेजातून तीन महिन्यांची रजा मंजूर करून घेतली आहे. प्राचार्यांना काय सांगू?

तुमची अडचण होऊ नये असंच मी नेहमी वागलो. तसे तुम्ही गॅरेजातच असायचात. माझ्या प्रत्येक मुक्कामात तुमचं काहीतरी दुरुस्त व्हायचं राहिलेलं असे, आणि मी निघेपर्यंत ते कधी पुरं झालेलं पाहिलं नाही.

रागावलो आहे, तरी लोभ असावाच.

बाळ

*

फ्रीमाँट, ९ मे २०२६

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

एक सांगायचं आहे. नमुन्यासाठी शरयूने भरलेले जुने रिटर्न काढले. सवलतीच्या त्या फॉर्मात दोन वाटा आहेत. एकीत दिवस मोजतात. दुसरी वाट परदेशात कायमचं घर करून राहिलेल्यांसाठी आहे, तीत पस्तीस दिवसांची अट नाही. शरयूने दरवर्षी दुसरीच भरली आहे. दिवस मोजायचा भाग सगळीकडे कोरा आहे.

मला खरं वाटेना. लायब्ररीत टॅक्सच्या मदतीला वल्लरी नावाची मुलगी बसते, तिला दाखवलं. ती म्हणाली की अंकल, यांचं बिऱ्हाड उघड उघड तिकडचं आहे, तीन महिने आले तरी काही बिघडत नाही.

२०१६ साली तू इथे अडीच महिने राहिलास. तू गेल्यावर मी शरयूला एकदाच म्हणालो होतो की तुझा भाऊ भला माणूस आहे, पण सकाळी सहापासून बोलतो, मला महिनाभरच झेपतो. पुढच्या वेळी तू आलास तेव्हा पस्तीस दिवसांचा नियम निघाला. मीही तो सरकारचाच समजत होतो. तेव्हा तुझा तो तापातला प्रवास माझ्यामुळे झाला.

रिटर्न तयार आहे. परदेशातल्यांना १५ जूनची मुदत असते, त्याच्या आत पोचेल असा सही करून धाड. आणि तीन महिने ये. गॅरेजातली सगळी कामं पुरी झाली आहेत.

राग धरलास तरी पत्र टाक.

मोहन

*

कोल्हापूर, २३ मे २०२६

ती. दाजींना सा. नमस्कार.

सही करून कागद पाठवत आहे. तुमचं पत्र वाचून मी रात्रीचं जेवलो नाही. मग दीपाने ते वाचलं आणि म्हणाली की दाजींनी महिनाभर काढला हे पुष्कळच आहे, तिला माझ्याबरोबरचा एक रविवारसुद्धा जड जातो. तेव्हा जेवलो.

१५ नोव्हेंबरला पोचतो. परतीचं तिकीट मात्र पस्तिसाव्या दिवसाचंच काढलं आहे. ताईने घातलेला नियम मी मोडणार नाही. मोडायचा असेल तर तुम्ही मोडा, आणि पत्रातून नाही. समोर उभं राहून मला थांब म्हणायचं. इतक्या वर्षांत तुम्ही मला ये म्हणालात, जेव म्हणालात, थांब कधी म्हणाला नाहीत.

उत्तराची वाट पाहतो.

बाळ

*

फ्रीमाँट, ८ जून २०२६

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

रिटर्न आज पोस्टात टाकला.

तू म्हणतोस ते मला जमेल की नाही, याची खात्री नव्हती. काल प्रीताचा फोन आला. पाच मिनिटांनी ती नेहमीसारखी फोन ठेवायला निघाली, तेव्हा मी थांब म्हणालो. तिने घाबरून विचारलं की बाबा, तब्येत बरी आहे ना. बरी आहे म्हणालो. ती पाऊण तास थांबली.

तिकिटाची तारीख बदलायला काय पडतं, ते विचारून ठेव.

मोहन