बावीस फेब्रुवारी

२ नोव्हेंबर, रविवार
नाशिक

प्रिय तेजश्री,

'प्रिय' हा शब्द लिहायला आज मला बराच वेळ लागला. आधी नुसतं 'तेजश्री' लिहिलं होतं. मग वाटलं, इतक्या वर्षांची सवय एका आठवड्यात मोडायची नाही, म्हणून मागाहून वर लिहिला. पण मी चिडलेली आहे, आणि हे पत्र संपेपर्यंत चिडलेलीच राहणार आहे. मला गोड बोलून समजूत काढायला येऊ नकोस. फोनही करू नकोस. तू फोनवर 'बाई, ऐका ना' म्हणालीस की मी विरघळते, हे तुला शाळेत होतीस तेव्हापासून ठाऊक आहे.

गुरुवारी दुपारी तुमच्या शाळेचा बहिरू शिपाई माझ्या दारात आला. दिवाळीची सुट्टी असूनही बिचाऱ्याला तू पिटाळलंस. त्यानं पिशवीतून सृष्टीचं गाईडचं लॉगबुक काढलं, टेबलावर ठेवलं, आणि मग पिशवीच्या तळाशी हात घालून व्हाइटनरची बाटली काढली. 'म्याडमनी हे बी द्यायला सांगितलंय,' म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला. शिपायाला लाज वाटली, तेजश्री. तुला वाटली नाही. संध्याकाळी तुझा फोन आला. 'तारखेतला एक आकडा तर बदलायचा आहे बाई, कोणाचं काय जातंय?' मी फोन ठेवला. आता बोलते.

तू गाईड कॅप्टन झालीस त्याला नऊ वर्षं झाली. मी निवृत्त झाले तेव्हा शिट्टी आणि कपाटाची किल्ली तुझ्या हातात दिली होती. पण पायऱ्या कशासाठी असतात ते तू विसरलीस असं दिसतंय, म्हणून परत शिकवते. मुलगी वचन घेते, तो प्रवेश. मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान. तृतीय सोपान झाल्यावर नऊ महिने तिनं त्या पायरीवर काढायचे, लहान मुलींना शिकवायचं, सेवा करायची, आणि मगच राज्य पुरस्काराच्या शिबिराला जायचं. हे नऊ महिने कुणी उगाच घातलेले नाहीत. शिकलेलं हातात मुरायला वेळ लागतो. लोणच्याला आपण तेवढा वेळ देतो, मुलींना देत नाही.

आठ फेब्रुवारीच्या तृतीय सोपानाच्या चाचणीला बाहेरची परीक्षक म्हणून तूच मला बोलावलंस. 'बाई, तुम्ही असलात की मुली नीट वागतात,' असं म्हणून. मी सकाळी साडेसात ते दुपारी दोनपर्यंत त्या मैदानावर होते. त्या दिवशी माझ्यासमोर दहा मुली आल्या. दहा. मला मोजता येतं. एक मावसबहिणीच्या लग्नाला चांदवडला गेली होती, दोघींचा क्लास होता, एकीला ताप होता. आणि आता लॉगबुकात खोचून पाठवलेली तुझी यादी बघते तर त्या चारही जणी आठ फेब्रुवारीलाच पास झालेल्या. सही तुझी. कधी घेतलीस त्यांची चाचणी? लग्नाच्या मांडवात?

दहापैकी पाच मुलींना मी सांगितलं होतं, पंधरा दिवसांनी परत या. सृष्टी त्यातली एक. तिनं दोन काठ्या इतक्या घट्ट बांधल्या होत्या की मला त्या हलवता येईनात. पण ती चौकोनी बांधणी नव्हती. द्राक्षबागेत तिची आई तारेला काड्या बांधते, तशी तिनं बांधली होती. मी म्हणाले, गाठ पक्की आहे, पण विचारली ती ही नाही. तिनं वाद घातला नाही. बावीस फेब्रुवारीला ती परत आली, बरोबर बांधणी केली, आणि मी सही केली. बाकीच्या चौघी काही आल्या नाहीत. त्यांच्याही लॉगबुकात आठ फेब्रुवारी आहे, पास म्हणून. त्यांना नापास मी केलं होतं आणि पास तू केलंस, मला न विचारता.

आणि ती लॉगबुकं. तेरा मुलींची लॉगबुकं मागच्या महिन्यात तू मला कौतुकानं दाखवलीस. प्लॅस्टिकचं कव्हर, चमकीचे कडेपट्टे, कुणाच्या तरी आईनं काढलेल्या फुलांच्या वेलबुट्ट्या. रामशेज किल्ल्याच्या पदभ्रमणाचं पान मी मुद्दाम प्रत्येकीचं वाचलं. तेराही जणींना 'निसर्गाचे विहंगम दृश्य' दिसलं आणि तेराही जणींना पायऱ्यांच्या आधीच्या वळणावर मोर दिसला. तो मोर फार कष्टाळू असला पाहिजे, कारण त्या दिवशी अर्ध्या मुली व्हॅनमधून गेल्या होत्या. सृष्टीचं लॉगबुक मात्र दोनशे पानी वहीचं. कोपरे दुमडलेले, एका पानावर मातीचा डाग. तिनं लिहिलंय, 'मोर दिसला नाही. माकडं होती. माझा डबा नेला.' आणि आठ फेब्रुवारीच्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलंय, 'चौकोनी बांधणी, नापास.' शाळेत स्वतःच्या वहीत नापास लिहिणारी पोर मी तीस वर्षांत पाहिली नव्हती.

आता हिशेब असा झाला, की शिबिर पंधरा नोव्हेंबरला, आणि सृष्टीचे नऊ महिने बावीस नोव्हेंबरला पुरे होतात. सात दिवस कमी. ती दहावीत आहे. पुढच्या वर्षी शाळाच सुटली, की पथकही सुटलं. ज्यांची तारीख खोटी त्या आठजणी चालल्या शिबिराला, आणि जिची खरी ती घरी. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक तुझ्या मागे लागतात, मुख्याध्यापकांना वार्षिक अंकात मोठा आकडा हवा असतो, हे सगळं मला माहीत आहे. माझ्याही मागे लागत होते. पण तू निदान लाजत तरी जा. तू तर इतकी सरावलीस की सृष्टीवर अन्याय झाला हेही तुला कळलं नाही. तुला वाटलं, ही एकच तारीख तेवढी चुकीची राहिली आहे, ती दुरुस्त केली की झालं.

मी एवढं तावातावानं लिहिते आहे, तर मग मी काय केलं ते ऐक. शुक्रवारी सकाळी पूजा झाल्यावर मी ते लॉगबुक उघडलं आणि तुझ्या बाटलीचं झाकण काढलं. हो, मीच. मला ती पोर डोळ्यांसमोर येत होती. रोज पहाटेची एसटी पकडून येते, संघनायिका म्हणून लहान मुलींना बँडेज बांधायला शिकवते, परत जाऊन भाकऱ्या थापते. मी मनाशी म्हटलं, आठजणींचं खोटं चालतं तर हिचं सात दिवसांचं का नाही चालणार? बावीसमधल्या पहिल्या दोनवर पांढरा ठिपका दिला, वाळू दिला, आणि वर एक लिहिला. बारा फेब्रुवारी. शेजारी माझी सही. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, आणि याचाच मला जास्त राग आला.

खाडाखोडीशेजारी मुलीचीही सही लागते, म्हणून आज सकाळी एसटीनं तिच्या गावी गेले. दिंडोरीच्या अलीकडेच उतरायचं, आणि मग बागांमधून अर्धा तास चालायचं. सुट्टीचा दिवस, तरी लंकाबाई, म्हणजे तिची आई, वेलींचे नको असलेले फुटवे खुडायला निघालीच होती. मला बघून थांबली, सतरंजी टाकली, चहा ठेवला. मी लॉगबुक सृष्टीपुढे उघडलं आणि म्हणाले, इथे सही कर, तुझं नाव यादीत जाईल. ती आनंदेल असं मला वाटलं होतं.

तिनं ते पान वाचलं. मग मागचं पान वाचलं. बोट त्या ठिपक्यावर ठेवलं. मग म्हणाली, 'बाई, बाराला मला कुठं येत होतं? अठराला आजोबांनी बांबू आणून दिले, तवा मी बसवलं.' लंकाबाई आतून ओरडली, 'अगं बाई स्वतः आल्यात इतक्या लांबून. लय शहाणी झालीस का? कर सही.' पोरीनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला रडू येत होतं, कारण तिला शिबिराला जायचं होतं, तेजश्री. फार जायचं होतं. गणवेश इस्त्री करून खुंटीला लावलेला मला समोर दिसत होता. तिनं मला विचारलं, 'बाई, असं चालतं?' इतक्या वर्षांत 'गाईड विश्वसनीय असते' हा पहिला नियम मी किती मुलींकडून पाठ करून घेतला असेल, आणि मला हो किंवा नाही म्हणता येईना. मग तिनं नखानं हळूहळू तो पांढरा पापुद्रा खरवडला. खालचा दोन परत दिसायला लागला. पान जरा फाटलं. 'बावीसच राहू द्या,' म्हणाली आणि मला चहा आणून दिला.

त्या फाटलेल्या कागदाकडे बघताना मला तू आठवलीस. आता जे लिहिते ते तुला माहीत नाही. मी कुणालाच सांगितलेलं नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली तुझ्या तृतीय सोपानाच्या चाचणीला, सोळा जानेवारीला, तू कांजिण्यांनी अंथरुणावर होतीस. तुझी चाचणी मी दहा दिवसांनी एकटीची घेतली, सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर. उत्तम दिलीस. पण त्या वर्षीच्या राज्य पुरस्काराला तुझे चार दिवस कमी पडत होते. तू माझी सगळ्यात लाडकी होतीस. मी तुझ्या लॉगबुकातल्या सव्वीसमधला दोन ब्लेडनं खरवडला आणि तिथे एक लिहिला. तू चौदा वर्षांची होतीस, मधल्या सुट्टीत खाली डबा खात होतीस. तुला राज्य पुरस्कार मिळाला, नंतर राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला, आणि शाळेत नोकरीला लागलीस तेव्हा मुलाखतीत त्याचं नाव निघालं. तुझं लॉगबुक नमुना म्हणून मी माझ्याकडे ठेवून घेतलं. दरवर्षी नव्या मुलींना तेच दाखवत आले, लॉगबुक असं असावं म्हणून. निवृत्त झाले तेव्हाही कपाटातून ते एवढं घरी घेऊन आले, आणि का आणलं ते स्वतःला विचारलं नाही.

म्हणून 'कोणाचं काय जातंय' हे तू माझ्याकडूनच शिकलीस. मी बोलले नाही, पण केलं, आणि मुली बोललेलं शिकत नाहीत, केलेलं शिकतात. तुझ्यावर चिडायचा मला हक्क नाही असं तू म्हणशील. म्हण. मी चिडलेलीच आहे, तुझ्यावर आणि माझ्यावर, आणि कुणावर जास्त ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सृष्टी यंदा शिबिराला जाणार नाही. तिचे दिवस भरत नाहीत, आणि तिला ते मान्य आहे. पण येत्या शुक्रवारी अकरा वाजता मी जिल्हा कार्यालयात जाणार आहे. आठ फेब्रुवारीला माझ्यासमोर किती मुली आल्या, किती पास झाल्या आणि अठ्ठ्याण्णव साली मी काय केलं, तिन्ही लिहून देणार आहे. माझं प्रशिक्षक म्हणून नाव काढलं तर काढू देत. तुझी यादी त्याच्या आधी गेली तर ती खोटी म्हणून जाईल, आणि मागे घेतलीस तर ते तुझ्या हातून झालं असं राहील. तेराजणींच्या पालकांना तोंड कसं द्यायचं ते तुला येतं, मी शिकवलंय.

हे पत्र मात्र मी तेवढ्यासाठी लिहीत नाहीये. तेवढं फोनवरही सांगता आलं असतं. पत्रासोबत तुझं लॉगबुक परत पाठवते आहे. बत्तिसावं पान उजेडासमोर धर, कागद एका जागी पातळ झालेला दिसेल. आज त्या अंगणात सतरंजीवर बसून मला एवढंच कळलं, की सृष्टीला मी विचारलं म्हणून ती नाही म्हणू शकली. तुला मी विचारलंच नव्हतं. तू नाही म्हणाली असतीस की नाही, हे आता आपल्या दोघींनाही कधी कळणार नाही, आणि ते तुझ्याकडून मी घेतलं. म्हणून आज, सत्तावीस वर्षं उशिरा, विचारते आहे. पानाच्या बाजूला मी पेन्सिलीनं एक चौकोन आखून ठेवलाय. खरी तारीख तुला सांगितली. तिथे काय लिहायचं ते तू ठरव, आणि शेजारी तुझी सही कर.

चिडलेली, आणि तरी तुझीच,
उत्तराबाई