भिंतीवर लिहायची गोष्ट

सर, आधी आली ती तुमची उंच विद्यार्थिनी, लॅबमध्ये डबा खाताना सापडली म्हणून तुम्ही दिवसभर बाहेर बसवलेली. आता चाकणच्या एका कंपनीत सगळ्या प्लँटची वीज तिच्या हाताखाली आहे. मागून धापा टाकत टकलू आला, तो आपल्याच कॉलेजात तुमच्या जागी शिकवतो. दापोडीच्या आमच्या गल्लीत त्याची गाडी शिरेना, म्हणून हमरस्त्यापासून चालत आला. नात म्हणाली, "आजी, कुणी साहेब लोक आलेत." म्हटलं, कसले साहेब, कॉलेजात लॅब झाडता-पुसता ह्यांचे उष्टे कप मी उचललेत. दोघं हसली आणि वाकून पाया पडली. मी पोहे टाकले. टकलू अजून शेंगदाणे वेचून कडेला काढतो, बायकोनंही वळण लावलं नाही.

काम असं होतं, की जुनी लॅब पाडून नवी बांधलीय, तिला तुमचं नाव द्यायचंय. आणि दारातल्या भिंतीवर तुमची गोष्ट लिहायचीय, दर वर्षी पहिल्या तासाला वाकडं बोट वर धरून सांगायचात ती. टकलूनं तुमचा आवाज काढला, "हे बोट माझ्या चुकीनं वाकडं झालं. 'काम चालू आहे, खटका ओढू नका' ही पाटी मी इंग्रजीत लावली, आणि जिनं ती वाचायला हवी होती तिला इंग्रजी येत नव्हतं." हुबेहूब काढला हो, मला पदर डोळ्याला लावावा लागला. ती म्हणाली, "मावशी, सरांमुळे आमच्याकडे सगळ्या पाट्या मराठीत, हिंदीत आहेत. तरी गेल्या महिन्यात पाटी लटकत असताना एकानं मेनचा खटका ओढलाच. मशीनच्या आतला माणूस थोडक्यात वाचला. पाटी वाचता येत होती त्याला, तरी असं का केलं कळत नाही." मग म्हणाली, "त्या वेळची ती बाई कोण, हे सरांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुम्हाला माहीत असेल."

मी म्हटलं, "चहात आलं चालेल ना?"

तो दिवस अजून समोर आहे. मी लॅबची फरशी पुसलीय, ती वाळायला पंखा हवाय. पंखा आणि मोटार एकाच मेन खटक्यावर. मेनला तुमची लाल पाटी लटकतेय. मोटारीमागं बसलेले तुम्ही मला दिसत नाही. मी खटका वर ओढते, मोटारीचा पट्टा फिरतो आणि तुम्ही ओरडता. मी खटका खाली पाडते, पळत मोटारीमागं येते, तेव्हा हाताला रुमाल गुंडाळून तुम्ही उभे. मला वाटलं, नोकरी गेली. घरी तीन पोरं, मालक अंथरुणाला खिळलेले. तुम्ही आधी पाटीकडं बघितलंत, मग माझ्याकडं, आणि म्हणालात, "बाई, तुम्हाला हे वाचता येत नाही, नाही का?" मी हो म्हणून मान हलवली. प्रिन्सिपलसमोर तुम्ही सगळं अंगावर घेतलंत. आठवड्यात पाट्या मराठीत झाल्या, आणि पहिली पाटी तुम्ही माझ्याकडून वाचून घेतलीत. चौथी शिकलेली मी, अडखळत वाचली, तर तुम्ही वर्गासमोर मला शाबासकी दिलीत.

सर, इंग्रजी येत नव्हतं हे खरं. पण लाल पाटी लटकली की तुमचा हात मोटारीत असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं, वर्षभर रोज बघत होते. चहाला जाताना पाटी काढायला तुम्ही विसरायचात. त्या दिवशीही तसंच असेल असं धरून चालले. एक हाक मारली असती तर काम झालं असतं.

तुमची गोष्ट चांगली आहे, तिच्यावर एवढी पोरं घडली. पण उंच पोरीच्या कंपनीतल्या त्या माणसाला ती पुरली नाही, कारण त्याचीही चूक माझ्यासारखीच होती, वाचता न येण्याची नव्हती. म्हणून भिंतीवर आणखी एक ओळ घालायला लावणार आहे: खटका ओढण्याआधी हाक मारा, उत्तर येईपर्यंत थांबा. आणि ती बाई कोण, तेही सांगणार. टकलू भाषण ठोकेल, ठोकू दे.

हे पत्र पोह्यांच्या डब्यात ठेवतेय, तुम्ही गेलात, तुमच्या घरी आता दुसरेच राहतात. सांगायचं एवढंच, की त्या दिवशी मान हलवताना मला जरा सुटल्यासारखंच वाटलं होतं.

दोघं रविवारी दुपारी परत येतो म्हणालेत.