गाळलेलं पाणी

३ फेब्रुवारी
नोकरीचा पहिला दिवस! चाकणजवळची ही छोटीशी प्रयोगशाळा सांडपाणी शुद्ध करायला शेवाळ वाढवते. खिडकीपाशी काचेच्या टाक्या. आतले जीव डोळ्यांना दिसत नाहीत, पाणीच हिरवं दिसतं. कॉलेजात माझ्या पुढे असलेल्या वर्षालीताईने शब्द टाकला म्हणून मी इथे. राहायलाही निगडीला तिच्याच फ्लॅटवर. संध्याकाळी तिने थालीपीठं लावली. "अनुया, तू माझी धाकटी बहीण," म्हणाली. आईला कळवलं, अगदी निर्धास्त राहा.

११ फेब्रुवारी
एका टाकीत हिरवं आणि निळसर शेवाळ गुण्यागोविंदाने नांदतात. खत कमी पडलं की निळसर शेवाळ पाण्यात विष सोडतं आणि हिरवं खुंटतं. ताईने निळसर शेवाळ गाळून काढलं, उरलेलं नितळ पाणी दुसऱ्या हिरव्या टाकीत ओतलं. आज ती टाकी पांढुरकी पडली आहे. पाण्यात तर काहीच दिसत नव्हतं!

१९ फेब्रुवारी
साहेबांनी सांगितलं, मार्चनंतर दोघींपैकी एकीलाच ठेवणार. परतताना बसमध्ये मला रडूच आलं. ताईने हात धरला. म्हणाली, तूच राहा, मला कुठेही मिळेल. घरी आल्यावर लिंबाचं सरबत करून दिलं. किती मोठं मन!

२५ फेब्रुवारी
ओठांना सारख्या मुंग्या. हातातून वस्तू निसटतात. डॉक्टर म्हणाले, दगदग. ताईने रजा टाकायला लावली. कपाळाला बाम चोळते, सरबत रोज स्वतः पाजते.

२८ फेब्रुवारी
सकाळी पाणी प्यायला उठले. ओट्यापाशी ताई, पाठमोरी. प्रयोगशाळेतली बाटली. गाळणकागदातून थेंब थेंब पडणारं नितळ पाणी. शेजारी चिरलेलं लिंबू.
तिने मला पाहिलं नाही. परत येऊन पडले. ताई — माझी ताई —

१ मार्च
पिंपरीला मावसभावाला, मिहिरदादाला फोन केला. शब्द जड. एवढंच जमलं — ये, मला घेऊन जा. निघालोच म्हणाला. सरबत मोरीत ओतलं. पण चहा — सकाळचा चहाही तिनेच —

दुपारी
पाय हलत नाहीत. बेल वाजली. दादाचा आवाज!
ताई दारातच सांगतेय, आत्ताच डोळा लागलाय तिचा, डॉक्टर येऊन गेले, उद्या या.
"तुम्ही आहात म्हणून बरं," दादा म्हणतोय.
हाक मारायचीय — जीभ उचलत नाही —
चपला घालतोय तो —
दादा, जाऊ न