एक मिनिट जागच्या जागी

८ सप्टेंबर, सोमवार

खेळणं! पोराने मला खेळणं आणून दिलं. एकसष्टाव्या वाढदिवसाला. रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर, तेही सुटं. खोकाभर तुकडे आणि एक इंग्रजी पुस्तक. 'आबा, तुमचा वेळ जाईल.' अरे, वेळ घालवायला मी काय बाकावर बसणारा म्हातारा आहे? छत्तीस वर्षं धुळ्याच्या हायवेवरच्या माझ्या गॅरेजात ट्रकच्या इंजिनांचे डिझेल पंप खोलून बांधले मी. ड्रायव्हर लोक 'रुपचंदभाऊंचा हात लागू दे' म्हणून दोन-दोन तास ताटकळायचे. आणि हा कुंदन गेल्या दिवाळीपासून मला माझ्याच टेबलावर पान्याला हात लावू देत नाही! आराम करा म्हणे. खुर्ची टाकून दारात बसा म्हणे.

डोकं फिरलं आणि केक कापता कापता सगळ्यांसमोर बोलून गेलो — हे मी एकट्याने बांधीन. खंडेनवमीला गॅरेजसमोर एक मिनिट हवेत जागच्या जागी उभं करून दाखवीन. दाखवलं तर माझं टेबल मला परत!

कुंदनने केकचा तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. मग म्हणाला, 'बरं, आबा.'

११ सप्टेंबर

या पुस्तकवाल्याला एकदा माझ्यासमोर बसवा. चित्रात एक, खोक्यात भलतंच.

पंख्याखाली एक तबकडी असते, स्वॅशप्लेट. तिला तीन छोट्या मोटरी, सर्वो, दांड्यांनी वर-खाली करतात. रिमोटची कांडी मधोमध असताना ती सपाट हवी, केसाएवढीही तिरकी नको. दांड्या अर्धा अर्धा आटा फिरवत दिवस गेला. एक बाजू बसवली की दुसरी उठते! बायको रत्ना जेवायला बोलावून थकली. 'बठ्ठं घर डोकावर लिधं तुम्ही. एक खेळणासाठे!' खेळणं म्हणाली म्हणून ताट सरकवलं. वांग्याचं भरीत होतं. नंतर वाईट वाटलं, तिला बोललो नाही.

१४ सप्टेंबर

तबकडी सपाट. काटकोन लावून चारी बाजूंनी पाहिली. हूं! म्हणे आराम करा.

१७ सप्टेंबर

मूर्ख मी. शुद्ध मूर्ख.

शेपटीचा छोटा पंखा रबरी पट्ट्यावर चालतो. माझी जन्माची सवय — जे फिरतं त्याला तेल. पट्ट्यालाही दोन थेंब सोडले. गच्चीवर नेऊन वेग दिला तर पट्टा घसरला. शेपटीचा जोर गेला आणि ते अख्खं धूड गरगरत जाऊन पाण्याच्या टाकीवर आदळलं. दोन्ही पाती फुटली. एक तुकडा रत्नाच्या कानाजवळून गेला. कपडे वाळत घालायला आली होती बिचारी. आणि मी काय केलं? तिच्यावरच ओरडलो. इथे कशाला मरायला आलीस म्हणालो. ती बादली ठेवून खाली गेली.

पाती जळगावच्या शेहजादकडून मागवली, खोकं त्याच्याच दुकानातलं. फोनवर पोट धरून हसला. 'पट्ट्याला तेल? कमाल करता, भाऊ!' हसू दे. पन्नाशीचा झाला तरी दात दाखवायची सवय गेली नाही.

२२ सप्टेंबर

घट बसले. रत्ना त्यात गुंतली, मी गच्चीवर.

शिकाऊ माणसाने खाली आडव्या काड्या बांधायच्या, म्हणजे कलंडत नाही. शेहजाद म्हणतो कार्बनच्या घ्या. कशाला? धरणगावच्या मेहुण्याकडून कपाशीच्या पऱ्हाट्या आणल्या, सरळ बघून चार निवडल्या, टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू. झकास झालं.

उडालं! वीतभरच, पण उडालं! खाली कोणी नव्हतं, नाहीतर हाक मारली असती.

पण एका जागी राहत नाही. आतून थरथरतं. आधी वाटलं पऱ्हाट्यांमुळे. काढल्या, मोटरीच्या वायरी सोडल्या, पंखा बंद ठेवून नुसत्या रिमोटच्या कांड्या धरल्या. तबकडी तशीच नाचते.

२४ सप्टेंबर

सर्वो खराब. दुसरं काही असूच शकत नाही. स्वस्तातला माल उचललाय पोराने.

२६ सप्टेंबर

तिन्ही सर्वो नवे टाकले. थरथर तीच! म्हणजे रिमोट. म्हणजे मुद्दाम.

तडक गॅरेजात गेलो. दोन कारागीर, चार ड्रायव्हर, सगळे होते. सगळ्यांदेखत बोललो — टेबल सोडावं लागू नये म्हणून बापाला खोटा माल दिलास! पैज मारायची दानत नव्हती तर नाही म्हणायचंस! कुंदनने हात पुसले. रिमोट घेऊन उलटासुलटा पाहिला. माझ्या हातात परत ठेवला. 'शेहजादभाईला दाखवा एकदा,' एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. त्याचाच जास्त राग आला. भांड ना लेका!

२८ सप्टेंबर, रविवार

एसटीने जळगाव. खोकं मांडीवर. शेहजादला म्हणालो, हा रिमोट बदलून दे, नाहीतर इथून हलत नाही.

त्याने रिमोटच्या पडद्यावर चार रेघा काढून दाखवल्या. कांडी हलली की रेघ हलते. 'कांड्या धरा, भाऊ.' धरल्या. रेघा थरथरायला लागल्या. बघ! म्हणालो. पाहिलंस!

'आता हात काढा.'

काढले. रेघा थांबल्या. एकदम.

पुन्हा धरल्या, थरथर. काढले, शांत. मी म्हणालो बॅटरी बदल. बदलली. मी म्हणालो दुसरा रिमोट आण. आणला. त्यावरही तेच. मग शेहजाद हसला नाही. 'चहा सांगतो, भाऊ,' म्हणून बाहेर गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

परतीच्या गाडीत हात मांडीखाली दाबून बसलो.

३० सप्टेंबर

रत्नाला सांगितलं. तिने वातीचा कापूस बाजूला ठेवला. 'माले माहीत व्हतं. कुंदनलेबी माहीत शे.'

मग सांगितलं का नाही कोणी?

'तुम्ही कोनं आयकतस का?'

खूप चिडलो. सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलं! वर्षभर! पोराने तोंडावर सांगायचं होतं — आबा, हात गेला तुमचा. ऐकून घेतलं असतं मी. ऐकून घेतलं नसतं. माहीत आहे मला. पण त्याने सांगायला हवं होतं. बापाला दारातल्या खुर्चीवर बसवून गप्प राहायचं म्हणजे काय? भीती वाटते मला, रे. हात नाही तर मी कोण?

उद्या खंडेनवमी. पैज हरलो. जाऊन तोंडाने सांगणार आणि मग त्यालाही चार शब्द सुनावणार.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

गॅरेजात पाने, हातोड्या, पंप तपासायचं कॅलिब्रेशनचं मशीन, सगळ्याला झेंडू वाहिलेला. हेलिकॉप्टरचं कोणी विचारलं नाही. कुंदन नारळ आणायला गेलेला. शिरपूरचे चांदभाई प्रसादाला थांबले होते, जुने ड्रायव्हर. म्हणाले, 'रुपचंदभाऊ, त्या दिवशीचं ऐकलं मी, पोराला असं नका बोलू. चुका होतात. मागच्या दिवाळीला बिजासन घाटात चढावर पंपाने दगा दिला, इंजिन बंद पडून माझी भरली गाडी मागे सरकली. क्लीनरचा पाय थोडक्यात वाचला. कुंदन घाटात धावत आला, सगळ्यांसमोर माझे पाय धरले. म्हणाला, चांदचाचा, माझ्याच हातून चुकलं, पण आबांना कळू देऊ नका.'

तो पंप मी बांधला होता.