कासवाला लावलेला हात

ता. ४ जुलै

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुम्ही आमच्या टिकलीसाठी पाठवलेला क्लेचा डबा पोचला. आधी तुमच्या धाकट्या भावानेच उघडून सगळ्या रंगांचा वास घेतला. या माणसाचं वय कुठे अडकलंय कोण जाणे.

टिकलीच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं होतं. पोरगी हुशार आहे, पण काही करायला दिलं की करते आणि लगेच मोडून टाकते, असं त्या म्हणाल्या. घरीही तेच. काल तिने सशाचं डोकं केलं, माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आत मुठीत दाबून त्याचा गोळा केला. म्हणे, चुकलं. आठ वर्षांच्या पोरीचं इतकं काय चुकतं, सांगा बरं.

बावीस तारखेला शाळेत मुलांच्या हातच्या प्राण्यांचं प्रदर्शन आहे. ही आत्ताच सांगून मोकळी झाली की त्या दिवशी तिला ताप येणार आहे. मी हसले खरी, पण मग विचार करत बसले. स्वतःच्या हातांवर हिचा विश्वासच बसला नाही तर पुढे कसं व्हायचं? तुम्ही दातांच्या लॅबमध्ये दिवसभर मेणातून लोकांचे दात घडवता, तुम्हीच काहीतरी सुचवा.

आमच्यावर लोभ आहेच, थोडा जास्तीचा टिकलीसाठी वेगळा काढून ठेवा.
तुमची वहिनी


ता. ९ जुलै

सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

ससा नको, त्यात कानांची भानगड असते. कासव करू दे. एक मोठा गोळा तळहाताने दाबायचा, चार छोटे गोळे पायांचे, एक डोक्याचा. पाठीवर अंगठा दाबत गेलं की कवचाची नक्षी आपसूक होते. कासव कितीही बिघडलं तरी कासवच दिसतं, म्हणून तर मला आवडतं.

तू शेजारी बस, पण भाजी निवडत बस. टक लावून बघू नकोस, आणि उगाच वा वा पण नको. फार तर विचार, हे खातं काय. आणि तुझे हात तुझ्यापाशी ठेव. पाहुणी म्हणून आलीस आणि माझ्या पडद्यांची शिवण उसवून नव्याने घातलीस, ते मी विसरलेले नाही. लोकांचे कपडे दुरुस्त करून करून तुला वाकडं म्हणून बघवत नाही.

माझ्या भावाला क्ले खाऊ देऊ नकोस. बाकी लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी वन्सं


ता. २४ जुलै

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

लिहायला तोंड नाही, तरी लिहिते.

कासव झालं होतं. हिरवं, पाठभर अंगठ्याचे ठसे. टिकलीने ते मोडलं नाही. खिडकीत ठेवलं आणि ते फक्त कलिंगड खातं असं आम्हाला बजावलं. पाच दिवस शाळेतून आली की आधी खिडकीकडे जायची. तापाचं नाव नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती खाली खेळायला गेली होती. कासवाचा एक पाय आखूड होता, कलंडायचं ते. मी तेवढाच सारखा केला. मग बाकीचे तीन त्याच्या मापाचे केले. मग पाठ ओबडधोबड वाटायला लागली, तीही बोटाने गुळगुळीत केली आणि सुईने रेघा मारल्या. अर्धा तास रमले होते, खोटं कशाला सांगू. टिकली आली, तिने बघितलं आणि ते उचलून दप्तरापाशी ठेवलं. मला वाटलं, खूश झाली.

दुसऱ्या दिवशी तिने ते टेबलावर ठेवलं आणि बाईंना शांतपणे सांगितलं की हे आईने केलंय. कार्डावर स्वतःचं नाव घालू दिलं नाही. सगळ्या प्रदर्शनात तेवढंच एक कार्ड कोरं होतं. येणारे जाणारे कासवाचं कौतुक करत होते आणि मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं.

घरी येऊन मी तिची माफी मागितली. तर मलाच समजावते, राहू दे, तुझंच छान झालं होतं. क्लेचा डबा तिने स्टुलावर चढून कपाटावर टाकलाय. वन्सं, जे करायला निघाले होते त्याच्या नेमकं उलटं करून बसले मी.

रागवा, पण पत्र पाठवा.
तुमची वहिनी


ता. ३० जुलै

सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

रागावणार नाही. मी नवी कामाला लागले तेव्हा आमचे उस्ताद मला कधी एक शब्द बोलले नाहीत. मी संध्याकाळी मेणात दाढ करून जायची आणि सकाळी ती दुरुस्त झालेली असायची. दोन वर्षं मी हेच धरून चालले की आपल्या हातात काही नाही. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

आता पुन्हा माफी मागू नकोस, तुझी समजूत घालायचं काम त्या पोरीच्या गळ्यात पडतं. डबा खाली काढ आणि तू स्वतः घोडा कर. तिला बोलावू नकोस. घोडाच का, तर तो तुला जमणार नाही.

घोड्याची खुशाली कळव आणि मायेत कमतरता पडू देऊ नकोस.
तुझी वन्सं


ता. ८ ऑगस्ट

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं खरं झालं. घोडा काही जमेना. दोन दिवस स्टूलच होत होतं. तिसऱ्या दिवशी शेपटी लावल्यावर घोडा आहे अशी शंका यायला लागली. टिकली वही घेऊन माझ्या शिलाई मशीनपाशी येऊन बसली. अभ्यास कसला, डोळे सगळे घोड्यावर. त्याची मान सारखी खाली जात होती.

तिचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. तिने विचारलं, मी हात लावू का?

वन्सं, मी तिला कुठे विचारलं होतं? पटकन हो म्हणणार होते, पण खरं सांगू, तीन दिवस खपले होते मी त्या मानेवर. म्हटलं, नको, मला असाच हवाय. तिने माझ्याकडे नीट बघितलं, बरं म्हणाली आणि हात मागे घेतला. मग डब्यातला निळा गोळा उचलला.

काय केलंय ते कळत नाही. सहा पाय आहेत, तोंड कुठल्या बाजूला ते ठरायचंय. अर्धं झालं आणि खालून मैत्रिणींनी हाक मारली, तशी ती ते तिथेच ठेवून पळाली. न मोडता गेली.

ते माझ्या मशीनवर, अगदी सुईच्या पुढ्यात आहे. चार पँटी दुमडून शिवायच्या आहेत, गिऱ्हाईक सहाला येणार. मी हे पत्र लिहीत बसलेय. ती वर आली की विचारेन, बाजूला ठेवू का म्हणून.

तोवर माझ्या हातांना काम नाही, तेव्हा दोन्ही हातांनी नमस्कार. माया अशीच राहू द्या.
तुमची वहिनी