ज्यानं की जिनं

३ फेब्रुवारी, सोमवार

लिही — त्या यशदीपचा काळा कोट भर कोर्टात उसवो! पाठीतून. जजसमोर.

लिहिलं? आता माझं नाव घाल. कुमुद. वय अठ्ठ्याहत्तर. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण बाकी सगळ्यांची तोंडं पाहिली.

ही वही माझ्या नातीनं, श्रावणीनं, कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. तिच्या लॉ कॉलेजच्या मूट कोर्ट सोसायटीची आहे, वर सोनेरी तराजू. मी काढून घेतली. वहीनं काय केलं कोणाचं? नात तोंडातून शब्द काढत नाही, तर मी काढते. लिहायले तिची मैत्रीण येते, अनुश्री. मागच्या गल्लीतली, कॉलेजात अन् सोसायटीतही तिच्याच संगची. घरची मराठी, पण बोलते हिंदीत. स्वतःहूनच म्हणाली, "आजी, मैं लिख दूँगी ना. रोज तीन बजे." गुणाची पोट्टी! श्रावणीले सांगायचं नाही, असं ठरलं.

अन् रोज लिहून झालं की वाचून दाखवायचं. ही माझी अट. अभनपुरच्या शेताच्या कागदावर दिरानं माझा अंगठा घेतला, तेव्हा वाचताना एक ओळ गिळली होती. त्या ओळीतच शेत होतं! तेव्हापासून माझे कानच वाचतात.

४ फेब्रुवारी

काय झालं ते नीट लिहून ठेव. म्हातारीचा काय भरवसा.

मूट कोर्ट म्हणजे खोटा खटला. पोट्टे-पोट्टी काळे कोट घालून भांडतात, कोणी जेलात जात नाही. भांडायच्या आधी आपलं म्हणणं लिहून द्यायचं — त्याले मेमोरियल म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "काहून वो, कोण मेलं?" श्रावणी हसून हसून लोळली.

आता हसत नाही. दोन महिने खपून तिनं ते मेमोरियल लिहिलं. जमा केलं, तर कम्प्युटर म्हणते — नक्कल! तेच्या तेच कागद दोन दिवस आधी सोसायटीच्या अध्यक्षानं आपल्या नावानं जमा केले होते. अध्यक्ष कोण? यशदीप! चोर आधी पोचला म्हणून घरधनी चोर. श्रावणीले सोसायटीतून काढलं. वरून चौकशी लावली.

ती म्हणते, सोसायटीच्या कम्प्युटरवरून प्रिंट काढली होती, तिथूनच कोणी उचललं असन.

वाचून दाखवलं. बरोबर.

६ फेब्रुवारी

खटला कशावर होता माहीत आहे? एका म्हातारीवर! अंगठा घेऊन तिची जमीन खाल्ली, त्यावर. श्रावणी मले विचारे, "आजी, तब आपको कैसा लगा था?" मी म्हटलं, "बाई, अंगठा हो म्हणत नाही. अंगठा नुसता टेकते." तिनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

परवा यशदीप भर सभेत उभा राहून म्हणाला म्हणे, "मेरी दादी कहती थीं..."

त्याची दादी शाळेत हेडमास्तरीण होती! ती काहून अंगठा देईन?

लिही — गोल बाजारात भर गर्दीत त्याची चप्पल तुटो. अन् मोची जेवायले गेलेला असो.

९ फेब्रुवारी, रविवार

आज डोक्यात आलं. यशदीपनं ते कागद स्वतः उचलले नसतीन. तो तर पाण्याचा गिलासही दुसऱ्याकडून उचलवते. कोणीतरी आणून दिले. मग शाप एकाच्याच डोक्यावर काहून? वाटून द्यावा. लिही — जिनं दिले, तिची जीभ परीक्षेच्या दिवशी टाळूले चिकटो.

वाचून दाखवलं. बरोबर आहे. एक अक्षर खोडायचं नाही.

१० फेब्रुवारी

अनुश्रीले आज चिवडा दिला, वर दही. खा बाई. लिहायले ताकद लागते.

१२ फेब्रुवारी

आज नुसते शाप. सतरा सांगितले. यशदीपले पाच, बाकी तिले. अक्षर सुंदर आलं म्हणते.

सहाव्या शापाले पेन थांबला होता. मी विचारलं, "काहून, शाई संपली?" म्हणते, "नहीं आजी, जेल पेन है."

मग चालव!

१५ फेब्रुवारी, शनिवार

श्रावणीची पेशी झाली, चौकशी कमिटीपुढे सुनावणी. कमिटीच्या शर्मिष्ठा मॅडम भल्या दिसतात. म्हणाल्या, "मला पटतंय गं, पण पटण्यावर निकाल देता येत नाही. शुक्रवारपर्यंत काही लिखित आण." नाही आणलं तर तिच्या नावापुढे 'नक्कल' लागन. जिथं जाईन तिथं ते आधी पोचन.

पोट्टी घरी येऊन म्हणते, "छोड ना आजी. मैं लॉ ही छोड देती हूँ. बैंक का फॉर्म भर दूँगी."

तिच्या आईच्या पोटात होती तेव्हापासून भांडून राहिली ती. लाथा मारून मारून. अन् आता बैंकेचा फॉर्म!

म्हाताऱ्या बाईच्या अंगठ्यावर लिहिणारी पोट्टी गप्प बसली, तर माझं शेत दुसऱ्यांदा गेलं समज.

१७ फेब्रुवारी, सोमवार

त्या कॉलेजात आणखी एक आहे, ऑनर सोसायटी. ऑनर म्हणजे इज्जत. आमच्या पाऱ्यात, मोहल्ल्यात, सोसायटी म्हणजे राशनचं दुकान. मी म्हटलं, वा! तिथं इज्जत राशनवर भेटते! कार्ड असन त्याले.

काल राशन वाटलं. दिवा लावून शपथ, कॉलरले पितळेचा बिल्ला. दरवर्षी तेरा जण घेतात. यशदीप म्होरक्या. श्रावणीचं नाव पहिलं होतं, ते कापलं. म्हणजे खालचं कोणीतरी वर सरकलं.

लिही — अनुश्रीच्या कॉलरले आज दोन बारीक भोकं आहेत. बिल्ला काढून आल्यासारखी.

काहून थांबली? लिही.

लिहिलं. वाचून दाखव. जोरानं, मले कमी ऐकू येते.

खोटं. मले चांगलं ऐकू येते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल आली नाही. मले वाटलं, सुटली माझ्या हातातून. आज तीनले दारात उभी. चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. मी म्हटलं, बस, वही उघड.

आता मी सांगते ते सगळं लिही, रडायचं असन तर पान बाजूले धर.

नऊ तारखेले मी "ज्यानं दिले" म्हटलं होतं. "त्याची जीभ" म्हटलं होतं. मले वाटलं होतं, कोणी पोट्टा असन. तू लिहिलं "जिनं". वाचलं तेही "जिनं", "तिची जीभ". तुम्ही सगळे पोट्टे हिंदीत विचार करता. हिंदीत "जिसने" म्हटलं की भागलं — बाई की बाप्या, पत्ता लागत नाही. मराठी चोंबडी आहे बाई! तिले सांगाच लागते. ते परत मराठीत उतरवताना तुले थांबून ठरवावं लागलं, अन् तुझ्या हातानं खरं तेच ठरवलं.

त्या दिवसापासून यशदीपचे पाच सोडले तर सगळे शाप मी तुलेच दिले. तुझ्याच हातानं, तुझ्याच अक्षरात, तुझ्याच सोसायटीच्या वहीत. चिवडा खाऊ घालून!

विचारलं तर म्हणते, "आजी, मेरा नाम चौदहवाँ था. यशदीप भैया बोले, सिर्फ़ देखूँगा, लिस्ट में तेरा कर दूँगा." तेच ना! इज्जतवाल्या तेरात यायले चौदावीनं फाइल दिली. श्रावणीनं फुटनोट तपासायले दिलेली फाइल होती ती. विश्वासानं.

मग काहून येऊन राहिली रोज? पळून काहून नाही गेली? म्हणते, "पता नहीं. आप डाँटती थीं तो नींद आती थी."

माय वो!

हेही लिही. मले त्या नऊ तारखेपासून तुझा गळा धरायचा होता. अजूनही धरायचा आहे. पण मी अंगठेवाली. मी शर्मिष्ठा मॅडमले सांगितलं की हिनं "जिनं" म्हटलं, तर कमिटी हसन. माझ्या तोंडचा पुरावा नाही चालत. तुझ्या हातचा चालते.

परवा शुक्रवार. उद्या मी काही सांगणार नाही. बोलणार नाही. पान तुझं.

अन् हे बी लिही — सुटली असं समजू नको. पुढं काहीही होवो, शनिवारी तीन वाजता यायचं. माझ्याजवळ शाप खूप उरले आहेत. यशदीपचे तर निम्मेही झाले नाहीत.

२० फेब्रुवारी

"जिनं" बरोबर आहे. ती मी. श्रावणीची फाइल यशदीपला मी दिली.

— अनुश्री

आजींना वाचून दाखवलं. एकही ओळ गिळली नाही. आजींनी दोनदा वाचायला लावलं, मग शाईचा पॅड मागितला. खाली त्यांचा अंगठा आहे.

म्हणाल्या, "आज हो म्हणून टेकवला."